सिस्टरची वीतभर जीप

माझं गॅरेज शहापूरहून आसनगावकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि मागे पडदा लावून केलेली रंगाची खोली. मी इंजिनाला हात लावत नाही. डेंट काढणं आणि रंग मारणं, एवढंच माझं काम. अठरा वर्षं टेम्पो, रिक्षा आणि मोटारसायकली रंगवतोय. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत माझ्या हातचा रंग लांबून ओळखतात, असं मी चारचौघांत सांगत असे. आता जरा बेतानं सांगतो.

मागच्या श्रावणात एका दुपारी शेडपुढे रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. वय सहासष्ट-सदुसष्ट, पांढरे केस घट्ट बांधलेले, साडीवर कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात चपलांचा खोका. मी त्यांना लगेच ओळखलं. डोळखांबकडच्या एका आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या, नोकरीची शेवटची वर्षं शहापुरात काढली. तिकडच्या पाड्यांतल्या माझ्या पिढीच्या निम्म्या दंडांवर त्यांच्या सुईची खूण असेल. मूळच्या नाशिककडच्या, पण इथेच राहिल्या. त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे सिस्टर म्हणतात.

“तू रंगारी ना?” त्यांनी विचारलं.

“हो सिस्टर. काय रंगवायचंय?”

त्यांनी खोका माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत कापसावर एक जीप होती. प्लास्टिकची, राखाडी, वीतभरही नाही. पण जीप म्हणजे खरी जीप. पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन बाकं, एका बाकाखाली लस ठेवायचा डबा, काचेवर स्टेपलरच्या पिनेचा वायपर. मी खाली वाकून पाहिलं तर खालून सायलेन्सरसुद्धा होता.

“हे सगळं तुमी केलंत?”

“चाकं आणि सांगाडा विकतच्या खोक्यातून आला. बाकीचं मी केलं.” मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. रिटायर झाल्यावर हात रिकामे राहिले. विणकाम जमेना, कारण विणताना डोकं भलतीकडे जायचं. एकदा दादरला एका दुकानात विमानाचा किट दिसला, तो आणून जोडला. मग जहाज, मग आणखी विमानं. असे सहा किट झाले. “शीर शोधायची, टाके घालायचे, ह्याची सवय असलेल्या हातांना हे काम बरं पडतं,” त्या म्हणाल्या. “पण आजवर सगळं ब्रशने रंगवलं. ब्रशच्या रेघा राहतात. जहाजावर खपून गेलं. ह्या गाडीवर मला एक रेघ नको आहे.”

“कोणासाठी हाय?”

“आमच्या ड्रायव्हरदादांसाठी. धसईला असतात. एकोणीस वर्षं त्यांनी मला ह्या जीपमधून पाड्यापाड्यांवर फिरवलं. गाडी भंगारात काढली, तेव्हा तीन दिवस धड जेवले नव्हते, असं वहिनींनी सांगितलं होतं. गणपती गेले की पुढच्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी आहे.”

पिशवीतून त्यांनी एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. जाडसर पेनासारखी, वर इवलासा कप, पाठीला बटण. रंग फवारायचा एअरब्रश. मी आजवर फोनवरच्या व्हिडिओत पाहिला होता, हातात पहिल्यांदाच आला.

“दोन आठवडे झाले,” सिस्टर म्हणाल्या. “दोन फवारे मारते आणि बंद. धुते. पुन्हा दोन फवारे, पुन्हा बंद. तुझं आयुष्य फवारे मारण्यात गेलं. सांग माझं काय चुकतंय.”

मी ती पेनाएवढी वस्तू फिरवून पाहिली आणि मला हसू आलं. माझी स्प्रे गन ह्याच्या दहापट. पूर्ण टेम्पो मी एका दिवसात करतो. म्हटलं, “सिस्टर, तुमी बसा. पाच मिन्टात करून देतो.”

ती पाच मिनिटं मला आयुष्यभर पुरतील.

त्यांच्या बाटलीतला पांढरा रंग दाट वाटला, म्हणून मी माझ्या कॅनमधला थिनर त्यात ओतला. माझ्या धंद्यात थिनर म्हणजे थिनर. त्यांचा रंग पाण्यात मिसळणारा आहे, त्याचा थिनर वेगळा असतो, हे बाटलीवर लिहिलेलं मी वाचलंच नाही. काडीनं ढवळलं तर रंग दूध नासल्यासारखा झाला. वर पाणी, खाली गोळे.

सिस्टर वाकून बघत होत्या. “हे असं व्हायला हवं का?”

“होतं थोडं,” मी ठोकून दिलं.

त्यांच्या पिशवीतून निघालेला डब्याएवढा कॉम्प्रेसर बाजूला ठेवला आणि एअरब्रश माझ्या कॉम्प्रेसरच्या मोठ्या टाकीला जोडला. हवा किती सोडायची ह्याचा विचार टेम्पोच्या हिशोबानं केला. बटण दाबलं. आधी काही नाही. मग फट् आवाज झाला आणि कपातून बोराएवढा पांढरा गोळा उसळून थेट सिस्टरच्या चष्म्यावर जाऊन बसला.

त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “थोडं म्हणजे एवढं का?”

आता इज्जतीचा प्रश्न होता. एअरब्रश खोलला, आतली सुई बाहेर काढली. टोकाचं नोझल तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्याचं भोक केसाएवढं. त्यात गोळा अडकला होता. माझ्याकडे क्लच केबलची एक बारीक तार होती, ती मी भोकातून ढकलली. तार गेली. गोळाही निघाला. पण नोझलचं तोंड एका बाजूनं चिरलं, ते मला दिसलं. सिस्टरना दिसलं नसावं, असं समजून मी म्हटलं, “आज ठेवून जा. उद्या बगतो.”

“ठेवते,” म्हणाल्या आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिक्षाचं मडगार्ड ठोकत होतो, पण लक्ष लागेना. शेवटी हातोडी ठेवली, एअरब्रश फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या घरी गेलो. बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, भिंतीवर फळीवर त्यांची जहाजं आणि विमानं ओळीनं.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, “सिस्टर, नोझल फाटलं. माझ्या हातनं.”

“माहीत आहे. काल तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं. नवीन पोरी पहिल्यांदा सलाईन लावायच्या आणि शीर फुटली की त्यांचं अस्संच तोंड व्हायचं. बस. चहा घे.”

नवं नोझल त्यांनी रात्रीच मोबाइलवरून मागवलं होतं. यायला आठ दिवस लागणार होते.

“तोवर काय करायचं?” मी विचारलं.

“तोवर विचार करायचा. काल आपण तो सोडून बाकी सगळं केलं.”

त्यांनी एक वही काढली. आत त्यांनी रेघा मारून तक्ता आखलेला, तापाचा तक्ता आखतात तसा. रंगाचे थेंब किती, थिनरचे किती, हवा किती, अंतर किती, आणि शेवटचा रकाना, काय झालं. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” त्या म्हणाल्या. “पेशंटच्या चार गोळ्या एकाच दिवशी बदलल्या, तर तो बरा कशानं झाला तेही कळत नाही आणि बिघडला कशानं तेही कळत नाही.”

त्या आठ दिवसांत माझी पत थोडी वर आली, ती रंगामुळे. मूळची जीप पांढरी होती, पण त्यांच्याकडे असलेल्या एकुलत्या एका फोटोचाच रंग उडालेला. आठवणीवरच काम. मी त्यांच्याच बाटल्यांतले रंग घेऊन पत्र्याच्या तुकड्यावर एकेक ठिपका मारत गेलो. पहिले दोन-तीन त्यांनी नुसत्या मानेनं नाकारले. “पांढराच, पण असा दवाखान्याच्या भिंतीसारखा नाही.” मग माझ्या लक्षात आलं. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी. असा पांढरा आधी पिवळ्याकडे झुकतो, मग मळकट होतो. मी पिवळ्याचे दोन थेंब टाकले आणि काळा नुसता सुईच्या टोकावर घेऊन बुडवला. वाळू दिला आणि पत्रा त्यांच्यापुढे धरला.

सिस्टरनी त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. “हा. दरवाजा उघडा धरून मी उभी राहायचे ना, तेव्हा हाताखाली हाच असायचा.”

मी म्हटलं, “एवढं येतं मला.”

“येतं की,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर आले होते तुझ्याकडे.”

नोझल आलं. त्यानंतर दुपारचं ऊन-पाऊस बघून गॅरेज तासभर बंद करायचं आणि सिस्टरकडे जायचं, हा माझा नेम झाला. जीपला लगेच हात लावायचा नाही, आधी आइसक्रीमच्या डब्यांच्या झाकणांवर मारून बघायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी नुसता बसून त्यांची पद्धत पाहिली. त्यांनी गॉजची दुहेरी घडी केली आणि त्यातून रंग गाळून कपात सोडला. मग ड्रॉपरनं त्यावर थिनरचे थेंब टाकले, काडीनं ढवळलं, बटण दाबलं. दोन फवारे सुरेख. तिसरा थुंकला. चौथा आलाच नाही.

खोलून नोझल भिंगाखाली धरलं. तोंडाशी एक पांढरा तंतू अडकला होता.

“बगा सिस्टर. हे तुमचं गॉज.”

“शक्य नाही. गॉज निर्जंतुक आहे.”

“जंतू नाय ओ, धागा हाय.”

त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, पाहिलं आणि खुदकन हसल्या. “आयुष्यभर जखमा ह्यानेच पुसल्या आणि शेवटी ह्यानेच फसवलं.” वहीत लिहिलं, गॉज बंद. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून रंग गाळायचे कागदी कोन घेऊन गेलो. त्यांच्या टोकाला नायलॉनची जाळी असते, तंतू सुटत नाही. दोन फवाऱ्यांचे पाच झाले. सहावा बंद.

पुढचे तीन दिवस वही भरत गेली. हवा कमी केली, फरक थोडा. अंतर कमी केलं, तर रंगाला कोळ्यासारखे पाय फुटले. हवेनं रंग लवकर वाळतो की काय म्हणून पंखा बंद केला. त्या दिवशीच्या रकान्यात सिस्टरनी लिहिलं, घाम आला, फरक नाही.

मला मात्र ह्या कामाची गोडी लागली होती. गॅरेजमध्ये माझे हात आपोआप चालतात. इथे प्रत्येक गोष्ट का करतो ते सिस्टर विचारायच्या आणि मला उत्तर शोधावं लागायचं. मी म्हणायचो, “रंग किती पातळ ते हाताला कळतं.” त्या म्हणायच्या, “हाताला कळतं म्हणजे किती? रकान्यात हात कसा लिहू?”

त्याच्या पुढच्या दिवशी फवारा बंद पडल्यावर मी कप उलटा केला. वरचा रंग पाण्यासारखा धावत आला. पण नोझल काढलं तर आत घट्ट, दाट रंग बसलेला. वर ताक, खाली दही.

“सिस्टर, थांबा. तुमी कपात आधी काय टाकता?”

“रंग. मग थिनर.”

“नि ढवळता कुठवर?”

“काडी जाते तिथवर.”

काडी नोझलपर्यंत जातच नव्हती. आधी टाकलेला दाट रंग थेट खाली भोकात जाऊन बसायचा, थिनर वरच्या वर राहायचा. सुरुवातीला जोरानं दोन-चार फवारे निघायचे आणि मग तो दाट गोळा वाट अडवायचा. मी स्वतः अठरा वर्षं रंग वेगळ्या डब्यात कालवून मगच गनमध्ये ओततो. ते माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. कपाळावर हात मारून घेतला.

सिस्टर उठल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं माप घेऊन आल्या. त्यात आधी थिनर, मग थेंब थेंब रंग, मग ढवळणं. माप कलतं केलं की रंग कडेवर चढावा आणि हळूच उतरताना मागे पातळ पडदा सोडावा, एवढं पातळ. मी म्हटलं, “पेजेवरच्या पाण्यासारखं.” त्या म्हणाल्या, “छे, दुधासारखं.” बराच वाद झाला. शेवटी वहीत लिहिलं गेलं, दूध, गाईचं, म्हशीचं नव्हे.

कपात ओतलं. सिस्टरनी झाकणावर बटण दाबलं. पाच फवारे झाले. सहा झाले. दहा झाले. कप रिकामा होईपर्यंत त्या मारत राहिल्या, शेवटी नुसती हवा सूं सूं करायला लागली तरी त्यांनी बटण सोडलं नाही.

“संपलाय रंग,” मी म्हटलं.

“कळतंय मला. जरा मजा घेऊ दे.”

दुसऱ्या दिवसापासून जीप रंगवायला घेतली. मागची बाजू, दारं, टप, सगळं गुळगुळीत आलं. बॉनेटवर मात्र गडबड झाली. बाहेर पाऊस धो धो पडत होता, आणि मध्येच एअरब्रशनं रंगाबरोबर पाण्याचे थेंब टाकले. ताज्या रंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. सिस्टरचा चेहरा उतरला. पण हा आजार माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमध्ये हवेबरोबर पाणी साठतं. माझ्या मोठ्या टाकीचं मी रोज सकाळी काढतो. त्यांच्या कॉम्प्रेसरच्या खाली एक काचेची वाटी होती, ती फिरवून काढली तर चमचाभर पाणी निघालं.

“राहू दे तसंच,” सिस्टर म्हणाल्या. “आता पुन्हा नको.”

“राहू दे कसं? माझं नाव जाईल.” मी बॉनेट बारीक पेपरनं पाणी लावून घासलं, वाळवलं आणि त्यांच्याकडूनच परत मारून घेतलं. ह्या वेळेस आरसा झाला.

गणपती झाले. पुढच्या रविवारी सकाळी सिस्टर माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या, मांडीवर खोका. मी टाकीवर पिशवी बांधली, तिच्यात एअरब्रश, छोटा कॉम्प्रेसर आणि रंगाच्या चार बाटल्या. रस्त्यात ओरखडा पडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करता यावा म्हणून. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून धसई. दोन्ही बाजूला भात निसवायला आलेलं. प्रत्येक खड्ड्याला सिस्टर मागून माझ्या खांद्यावर थाप मारायच्या, म्हणजे हळू.

ड्रायव्हरकाका पडवीत खुर्चीवर बसले होते. उंच, वाळलेले, गुडघे दुखतात म्हणून पाय स्टुलावर. कपाळावर सकाळच्या ओवाळणीचं कुंकू. आम्हाला बघून उठायला लागले, तर सिस्टरनी दटावलं. त्यांच्या सुनेनं पाणी आणलं.

सिस्टरनी खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. “दादा, उघडा.”

त्यांनी झाकण काढलं आणि गाडी दोन्ही हातांनी उचलली. पुढून पाहिली. मागून पाहिली. उलटी करून सायलेन्सर पाहिला. बाकाखालचा डबा बोटानं हलवून बघितला. खूप वेळ गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, सिस्टर अंगणाकडे.

“सिस्टर,” काका म्हणाले, “गाडी लई बेस झाली. पन ही आपली नाय.”

“आपली नाही म्हणजे? नंबर बघा. बाकं बघा. रंग बघा.”

“समदा बरोबर हाय. पन येवडी साफ गाडी आपली कदी व्हती? ही सायबाची गाडी दिसतंय.”

मला वाटलं, आता सिस्टर चिडणार. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम हसायला लागल्या. खांब धरून हसल्या. “चार आठवडे! चार आठवडे मी आणि ह्यानं मिळून हिला एक डाग पडू दिला नाही!”

मी पिशवी उघडली. “काका, चिखल कुठं कुठं यायचा, तेवढं सांगा.”

पडवीतच प्लग होता. कॉम्प्रेसर लावला, तांबूस तपकिरी रंग कालवला. काकांनी गाडी हातात धरली आणि मला कामाला लावलं.

“मागल्या चाकाच्या वर मार. उजव्या अंगाला कमी. डाव्या अंगाला जास्त.”

“डाव्या अंगाला का?”

“चढावर डाव्या हाताला डोंगरातनं पानी झिरपायचा. डावा चाक त्याच खड्ड्यातनं जायचा, दुसरी वाटच नव्हती. हां, अजून. अजून वर. खिडकीपरयंत उडायचा.”

मी मारत गेलो. त्यांना प्रत्येक शिंतोडा कुठला ते ठाऊक होतं. हा ओढ्याचा, हा शाळेपुढच्या डबक्याचा. मग त्यांनी सिस्टरच्या बाजूच्या दाराखाली बोट ठेवलं. “हितं पायाचा चिखल. रोज असायचा.”

“काहीतरीच! मी पाय झटकून चढायचे,” सिस्टर म्हणाल्या.

“कदी? येकोनीस वरसात येकदा पन नाय. मी पुसायचो.”

“मग सांगायचं ना तेव्हा!”

“आता सांगतोय ना.”

मध्येच फवारा थांबला. काकांनी लगेच मान वर केली. “बंद पडली?”

“एक मिनिट दादा,” सिस्टर म्हणाल्या. “ह्याला घाई करू नका. घाई केली की हा तार घेतो.”

मी सुई थोडी मागे ओढली, तिच्या टोकावर वाळलेला रंग ओल्या फडक्यानं पुसला, सुई पुन्हा पुढे सरकवली. फवारा सुरू झाला. मला आतून फार बरं वाटलं.

“आता पुढल्या बंपरला डाव्या कोपऱ्यात चेपलेला पायजे,” काका म्हणाले.

“ते नको,” सिस्टर पटकन म्हणाल्या.

“पायजे.”

मी विचारलं, तेव्हा काकांनीच सांगितलं. एकदा भर पावसात एका पाड्यावरून बाळंतपणासाठी अडलेली बाई घेऊन येत होते. चढावर गाडी रुतली. काका आणि तिचा नवरा खाली उतरून ढकलायला लागले, पण स्टेअरिंगवर कोणी हवं. सिस्टरनी आयुष्यात गाडी चालवलेली नव्हती. काकांनी खालून ओरडून सांगितलं, हा पाय दाबा, तो सोडा. गाडी निघाली. निघाली ती थांबेचना.

“ब्रेक कुठला ते तुम्ही सांगितलंच नव्हतं,” सिस्टर म्हणाल्या.

“इचारलात कुठं? आमी दोगं मागनं पळतोय, नि ह्या गाडीत बसून त्या बाईला वरडतायत, घाबरू नको, घाबरू नको! शेवटाला ऐनाच्या झाडावर थांबली. बाईला आतच मुलगी झाली. झाडाचा काय नाय झाला, आमचा बंपर गेला.”

सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या. “बरं, पाड तो डेंट,” त्या मला म्हणाल्या.

मी सुनेकडून चमचा मागून घेतला, त्याचा दांडा गॅसवर गरम केला आणि बंपरच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवला. प्लास्टिक आत गेलं. अठरा वर्षं लोकांचे डेंट काढले, त्या दिवशी पहिल्यांदा मुद्दाम पाडला. वर थोडा गंजाचा रंग मारला. काकांनी गाडी लांब धरली, एक डोळा मिटून पाहिलं. मग ती छातीशी धरली आणि स्टुलावरचे पाय खाली घेतले. सिस्टर त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. मी एअरब्रश धुवायला अंगणातल्या नळाकडे गेलो, कारण तिथे उभं राहून मला काय करावं ते कळेना.

परत आलो तोवर गाडी पडवीतल्या फळीवर ठेवली होती. सून जेवायला बोलवायला बाहेर आली, तिची नजर फळीवर गेली. “अगो बाय, येवडी चांगली गाडी आनली, नि आल्याआल्या चिखल लागला?” असं म्हणून तिनं खांद्यावरचं ओलं फडकं काढलं.

“नको!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो. बिचारी दचकून दोन पावलं मागे सरली, मग सगळी हकिगत ऐकून तीही हसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि खीर असं जेवण झालं. जेवतानाही काका आणि सिस्टर त्या ऐनाच्या झाडावरून भांडत होते. ते वळणाच्या अलीकडे होतं की पलीकडे, ह्यावर काही मिटलं नाही.

दिवाळीनंतर एकदा सिस्टर गॅरेजमध्ये आल्या. मी एका मोटारसायकलच्या टाकीवर बारीक वेल काढत होतो, नव्या एअरब्रशनं. मी माझ्यासाठी एक घेतला आहे. त्यांनी माझं माप कलतं करून रंग कडेवरून कसा उतरतो ते बघितलं आणि मान हलवली.

“दादांचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “गाडीवर धूळ बसली आहे म्हणे. पुसू की ठेवू, विचारत होते.”

“मग तुमी काय सांगितलंत?”

“म्हटलं, उन्हाळ्यात आपण टिटवाळ्याला मीटिंगला जायचो, तेव्हा किती बसायची, तेवढी बसू द्या. मग ते आठवत बसले. अर्धा तास फोन ठेवला नाही.”